तायडेंचा टाइम

उत्तम तायडे या माणसानं मला जेवढं छळलं तेवढं आयुष्यात कोणी छळलं नाही. बायकोनंही नाही, आणि हे मी तिच्यासमोर सांगू शकतो. आमच्या कामात डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी तशा पुष्कळ. लाइट जाते, केबल उंदीर कुरतडतो, कंपनीचा सपोर्टवाला "वरिष्ठांशी बोलून कळवतो" म्हणतो आणि जो जातो तो जातोच. पण या सगळ्यांवर काही ना काही इलाज असतो. तायडेंवर नव्हता.

आमचं एक धर्मादाय रुग्णालय आहे. नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच येतो. मुख्य इमारत अमरावतीला आणि अकोल्याला एक डायलिसिस केंद्र. मी अमरावतीच्या संगणक विभागात, आणि तायडे अकोल्याच्या सर्व्हर रूमचे प्रमुख, वर्षावर्षाच्या कंत्राटावर. प्रमुख म्हणजे काय, तर त्या खोलीतले साहेबही तेच आणि शिपाईही तेच.

अकोल्याला एकच मोठी मशीन होती. तिच्या पोटात सात-आठ आभासी मशिनी चालायच्या. एक पेशंटच्या नोंदींची, एक तपासण्यांची, एक कर्मचाऱ्यांच्या हजेरीची, अशा. एकीच्या पोटात अनेक चालवणाऱ्या या सॉफ्टवेअरला आमच्यात हायपरवायझर म्हणतात. अमरावतीला आम्ही सगळे सर्व्हर सांभाळणारं नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याला अकोल्याचा हायपरवायझर जोडायचा, म्हणजे अमरावतीत खुर्चीवर बसून अकोल्याची मशीन चालवता येईल आणि तिथलं सगळं नव्या मशीनवर हलवता येईल. जुनी मशीन थकली होती, तिच्या डिस्क एकेक करून कुरकुरत होत्या. काम एवढंच. पत्ता टाका, पासवर्ड टाका, 'जोडा' दाबा.

आणि एकदा जोडणी झाली की अकोल्याला वेगळा माणूस ठेवायची गरज नाही, तायडेंचं कंत्राट वाढवायचं नाही, हे वरच्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. ते तायडेंना माहीत होतं, मला माहीत होतं, अकोल्याच्या झाडूवालीलाही माहीत होतं. म्हणजे ज्या माणसाची नोकरी या जोडणीनं जाणार, त्याच्याकडूनच ती करून घ्यायची. वा रे नियोजन! आणि ते करून घ्यायला पाठवलं कोणाला, तर मला.

पहिल्या दिवशी मी फोन करून पासवर्ड मागितला.

"फोनवर पासवर्ड सांगत नसते इंगळे. या अकोल्याले."

"अहो साहेब, एवढ्यासाठी अकोल्याला?"

"एवढ्यासाठी? घराची किल्ली कोनी फोनवर देते काय? या, बसा, चहा घ्या. मी तुमच्यासमोर टाकतो."

गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर करत, उन्हाळ्यात, खिडकीची काच न सरकणाऱ्या एसटीतून. केंद्रात शिरलो तर समोर तायडे. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर, आणि अंगात मरून रंगाचं बिनबाह्यांचं स्वेटर. अकोल्यात, मे महिन्यात! सर्व्हर रूममध्ये एसी असायचा म्हणून बायकोनं विणून दिलेलं. पण ते काढायचा त्यांना कंटाळा. तेच अंगात घालून ते रस्त्यावर आलूबोंडा आणायला जायचे. लोक वळून पाहायचे. "पाहू द्या," म्हणायचे, "आपल्याले घाम येत नाई."

मी हात जोडायच्या आत त्यांनी हॉलमधल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट केलं. "किती वाजले पाहा. अकरा म्हनले होते तुमी. टाइमाची किंमत नाई तुम्हा अमरावतीवाल्यांले."

मी चाट पडलो. माझ्या हिशोबानं मी अकराला दहा कमीलाच आत पाय ठेवला होता. पण भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या बाजूनं. उन्हानं डोकं फिरलं असेल म्हणून गप्प बसलो. पुढे हे दर खेपेला होत गेलं. मी कितीही लवकर निघालो तरी अकोल्यात उशिराच पोचायचो, आणि तायडे दारातच झापायचे. मनगटावरचं घड्याळ पुढे ठेवणारे लोक आपल्याकडे घराघरात असतात. माझा बापही ठेवायचा. म्हणून मी त्या घड्याळाकडे कधी नीट पाहिलंच नाही.

पासवर्ड टाकायची त्यांची रीत अशी. आधी चप्पल बाहेर. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून की-बोर्डवर अंथरायचा, दोन्ही हात त्याखाली घालायचे आणि मला म्हणायचं, "तिकडं पाहा." मी भिंतीकडे पाहायचो. एखाद्या नव्या नवरीसारखा. टकटक संपली की "हं, वळा." पडद्यावर टक्केवारी सरकायची, ऐंशीच्या पुढे जायची, आता होतंय असं वाटायचं, आणि लाल अक्षरं यायची. ओळख पटली नाही, जोडणी रद्द.

"नाई जुडत," तायडे शांतपणे म्हणायचे. त्या शांतपणाचा मला असा संताप यायचा की काय सांगू!

केबल बदलल्या. पत्ते तपासले. अकोल्याच्या मशीनचं ओळखपत्र पुन्हा नव्यानं तयार केलं. या मशिनी एकमेकींना आधी ओळखपत्र दाखवतात आणि मगच बोलतात. काही फरक नाही. सपोर्टवाल्यानं मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या मशीनवर डायलिसिस केंद्र चालतं, तुझ्या घरचा टीव्ही नाही तो. तो म्हणाला, वरिष्ठांशी बोलून कळवतो.

अमरावतीला आमचे व्यवस्थापक रोज दारात. "झालं का इंगळे? नाही? कमाल आहे. तो तायडे तर काही करत नाही ना?" हा 'काही करत नाही ना' त्यांनी असा लांबवला की मला समजलं. सगळ्यांचं मत तेच होतं. माझंही तेच झालं होतं, आणि का होऊ नये? नोकरी कोणाची जाणार? त्यांची. पासवर्ड कोणाकडे? त्यांच्याकडे. दुपट्ट्याखाली कोणाचे हात? दोन अधिक दोन चार.

पण माणूस चोरून काही करणारा वाटायचा नाही, हीच अडचण. चोर लपतो, हा तर दिवसभर ओरडत असायचा. "चला, टाइम झाला!" हे त्यांचं पालुपद. नर्सना, टेक्निशियनला, कँटीनच्या माणसाला. एकदा संस्थेचे एक मोठे ट्रस्टी पाहणीला आले होते. तायडेंनी त्यांनाही चप्पल काढायला लावली ते सोडा. ते सर्व्हर रूममध्ये उभे राहून काहीतरी उपदेश करत होते, आणि अर्ध्या वाक्यात तायडे म्हणाले, "चला, टाइम झाला," आणि निघूनच गेले. ट्रस्टी माझ्याकडे पाहतात, मी जमिनीकडे. मागून गेलो तर हे हॉलमध्ये. शेवटच्या पाळीचे पेशंट मशीनवरून उठत होते. तायडे एका म्हातारीची पिशवी एका हातात आणि तिचा दंड दुसऱ्या हातात धरून तिला फाटकाकडे नेत होते.

ती कौसल्याबाई, दर्यापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आठवड्यातून दोनदा यायची. तायडे तिला मावशे म्हणायचे.

"मावशे, पाय उचल न. रिक्षा उभा हाय."

"उचलून राहिली न रे बावा. ओढतं काहून?"

रिक्षा गेल्यावर मी चिडूनच म्हणालो, "साहेब, ट्रस्टी आत उभे आहेत. हे आपलं काम आहे काय?"

"मंग कोनाचं हाय?" ते म्हणाले आणि आत गेले.

आता खरा किस्सा. त्या दिवशी मी अमरावतीला होतो आणि माझं डोकं भणभणत होतं. सपोर्टवाल्यानं दोन्हीकडच्या नोंदी मागितल्या होत्या, म्हणजे कोणत्या क्षणी काय झालं हे मशीन आपलं आपण लिहून ठेवते ते. अकोल्याच्या नोंदी वाचायला तायडे फोनवर.

"साहेब, मी अकरा दहाला पासवर्डशिवाय नुसतं दार वाजवून पाहिलं. तुमच्याकडे अकरा दहाला काय दिसतं?"

"कायीच नाई."

"असं कसं कायीच नाई? दार वाजवलं ना मी!"

"वाजवलं असन तुमी. अकरा दाले इथं सामसूम हाय."

"अकरा अकरा? बारा?"

"नाई न बा. अकरा पंचवीसले हाय एक. अमरावतीवरून कोनीतरी आलं आन ओळख पटली नाई म्हून गेलं."

मी माझ्या घड्याळात पाहिलं. अकरा सतरा झाले होते. जे अजून व्हायचं होतं ते अकोल्याला होऊन गेलं होतं.

"तायडेसाहेब," मी शक्य तितक्या हळू विचारलं, "तुमच्या मशीनचं घड्याळ किती पुढे आहे?"



"पाव तास," ते म्हणाले. "कावून?"

कावून! ओळखपत्रावर दर वेळी ते दाखवल्याची वेळ पडते हो! ज्या ओळखपत्रावर अजून न उगवलेली वेळ लिहिली आहे ते अमरावतीची मशीन खरं कसं मानेल? उद्याच्या तारखेचं तिकीट आज दाखवलं तर कंडक्टर खाली उतरवतोच. बरं, मशीन आपलं घड्याळ आपण दुरुस्त करते, तशी सोय असते. ती कोणी बंद केली? "मीच केली," तायडे म्हणाले. कधी? "गंज दिवस झाले." इतके महिने मी एसटीत भाजून निघालो, व्यवस्थापकांचे टोमणे ऐकले, आणि हा माणूस पाव तास खिशात घालून बसला होता! मी फोनवर काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता घड्याळ मागं घ्या."

"घड्याळ मांगं नाई होत," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळच्या सुमारास मी अकोल्यात. पाहताच ते नेहमीसारखे "उशीर झाला" म्हणाले नाहीत. मला दंडाला धरून हॉलमध्ये नेलं आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं केलं. ते घड्याळ त्याच मशीनवरून वेळ घ्यायचं. हजेरीची बोटं टेकायची मशीनही तिच्यावरून. पाळ्यांचे आकडे दाखवणारा पडदाही तिच्यावरून. अख्खं केंद्र अकोल्याच्या बाकी गावापेक्षा पाव तास पुढे चाललं होतं.

"शेवटची पाळी सहाले सुटाले पायजे," तायडे म्हणाले. "पन सुटे कवा? सव्वासहाले. सकाळी लोक पाच मिनिटं उशिरा येत, दुपारी दहा मिनिटं चहाले जात, आन ते सारं शेवटच्या पाळीवर निघे. आन दर्यापूरची शेवटची गाडी किती वाजता? साडेसहाले. मशीनवरून उठलेलं मानूस पळू शकते काय इंगळे? पाय कापतेत त्याचे. मावशी दोनदा स्टँडवर झोपली. मी लिवून देलं वर, शेवटची पाळी पाव तास आंधी घ्या म्हून. तीनदा देलं. उत्तर एकच, विषय विचाराधीन हाय. मंग मी विचार केला नाई. घड्याळच पुढं केलं."

"आणि कोणाला कळलं नाही?"

"सगळ्याईले मालूम हाय. सारे पाव तास आंधी येतेत, पाव तास आंधी घरी जातेत. कोनाचं काय गेलं?"

अमरावतीचं गेलं, माझं गेलं, असं म्हणणार होतो. तेवढ्यात कौसल्याबाई मशीनवरून उठून, दंडावर कापसाचा बोळा दाबत, हळूहळू आमच्या समोरून गेली. बाहेर अजून पुरतं ऊन होतं. तायडे तिच्यामागे पिशवी घेऊन निघाले. मी तिथंच उभा राहिलो आणि मला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो नक्की कोणावर काढावा ते समजेना.

व्यवस्थापकांना मी जाऊन सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, गाडीचंही सांगितलं. ते म्हणाले, "पाळीचा विषय वेगळा, तो समितीसमोर ठेवू. तू आधी घड्याळ नीट करून जोडणी कर." मी म्हटलं, तायडे ऐकत नाहीत. ते म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना!" असा आनंद झाला त्यांना. आणि तायडेंनी खरोखरच ऐकलं नाही. मी रोज फोन करायचो, ते रोज म्हणायचे, "आंधी पाळी, मंग घड्याळ." मी म्हणायचो, साहेब, मशीन मरायला टेकली आहे. ते म्हणायचे, "मरत नाई. मी हावो न."

ती मेली मात्र एका सकाळी. पार मेली नाही, पण दोन डिस्क एकदम गेल्या आणि सगळं थांबलं. कोणत्या पेशंटचं किती पाणी काढायचं, मागच्या वेळी काय झालं, सगळ्या नोंदी तिच्या पोटात. डॉक्टर अंदाजानं कोणाला मशीनवर घ्यायला तयार होईनात, आणि बरोबरच होतं त्यांचं. मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये बाकावर माणसंच माणसं. कौसल्याबाई कोपऱ्यात बसलेली. चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले. तिच्या पायाकडे पाहवत नव्हतं. तायडे आत मशीन उघडून बसले होते. स्वेटर काढून बाजूला फेकलेलं. त्या स्वेटरशिवाय मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

दुपारपर्यंत त्यांनी मशीन उभी केली. कशी केली ते त्यांनाच ठाऊक, पण केली. पाळ्या सुरू झाल्या. आम्ही चहा घेतला. "सांगत होतो ना" हे वाक्य जिभेवर आलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून गिळलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "घड्याळ बरोबर केलं. घ्या लिवून."

"काय लिहून घेऊ?"

"पासवर्ड, दुसरं काय? येजा करत नका बसू आता. टाइम नाई तेवढा."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तो काय होता ते मी सांगणार नाही. त्यांच्याकडून शिकलेलं तेवढं पाळतो. मी पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, 'जोडा' दाबलं. टक्के ऐंशीच्या पुढे गेले, नव्वद झाले, आणि हिरवी खूण आली. बस्स. अकोल्याच्या सगळ्या मशिनी माझ्या पडद्यावर ओळीनं उभ्या राहिल्या.

"जुडलं काय?" तायडेंनी विचारलं.

"जुडलं साहेब."

"मंग झालं," म्हणाले. "जयभीम."

कंत्राट त्या महिन्याअखेर संपलं ते संपलंच. निरोपाला व्यवस्थापक आले नाहीत, मीटिंग होती म्हणे. नर्सनी वर्गणी काढून कच्चा चिवडा आणि पेढे आणले. तायडे भाषणात एवढंच म्हणाले की एसीचं पाणी ज्या बादलीत पडते ती रोज रिकामी करत जा. मग हॉलमधल्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि गेले. शेवटच्या पाळीचा विषय समितीसमोर आहे. अजून आहे. मी दर महिन्याला विचारतो, आणि दर महिन्याला माझ्याकडे असं पाहतात जसं काही मी तायडे आहे.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. दिवाळीच्या आधी मी नव्या मशीनच्या कामानं अकोल्याला गेलो होतो, आणि तिथूनच आईकडे दर्यापूरला निघालो. स्टँडवर शेवटच्या गाडीत बसलो. गाडी सुटायची वेळ झाली, होऊन गेली, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि तसंच ठेवलं. हलेना. माझं डोकं आधीच तापलेलं. मी ओरडलो, "अहो मास्तर, साडेसहा केव्हाच वाजले! कोणाची वाट पाहून राहिले?"

कंडक्टर हसला. "समोर पाहा न साहेब. रोजचं हाय."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. गाडीच्या पुढ्यात, दिव्यांच्या उजेडात, मरून स्वेटर घातलेला एक उंच वाकलेला माणूस उभा होता आणि ड्रायव्हरच्या काचेपुढे मनगट नाचवत होता.

"माह्या घड्याळात पाहा! सव्वासहाच होऊन राहिले! टाइम नाई झाला अजून!"

"तुमचं घड्याळ मांगं हाय, तायडेभाऊ," ड्रायव्हर वरून म्हणाला, पण गाडी पुढे घेतली नाही.

तेवढ्यात फाटकातून रिक्षा आत आली. कौसल्याबाई उतरली, दंडावर कापसाचा बोळा दाबलेला. तायडेंनी पिशवी घेतली, तिला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या, आणि आत डोकं घालून गाडीभर पाहिलं. मी दिसलो. ना नमस्कार, ना कसे आहात.

"इंगळे, सरका तिकडं. मावशीले खिडकी द्या."

मी सरकलो. ते खाली उतरले, हातानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ओरडले, "चला, टाइम झाला!"